तंत्र जुनं, परवानगी नवी : ऑनलाइन कन्सल्टेशनची पार्श्वभूमी

२५ मार्च २०२० हा देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस. दूध मिळेल का, गावी कसं पोचायचं, या गदारोळात त्याच दिवशी दिल्लीत निघालेल्या एका कागदाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. भारतीय वैद्यक परिषद बरखास्त झाल्यावर तिचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने नीती आयोगाच्या मदतीने तयार केलेल्या ‘टेलिमेडिसिन प्रॅक्टिस गाइडलाइन्स’ त्या दिवशी जाहीर झाल्या. नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर, नुसत्या फोनवर किंवा चॅटवरही पेशंटला सल्ला देऊ शकतो, औषध लिहून देऊ शकतो, हे आपल्याकडे पहिल्यांदा स्वच्छ शब्दांत लिहिलं गेलं ते तिथे.

‘करोनाने डॉक्टर मोबाइलमध्ये आणला’ असं सर्रास म्हटलं जातं. पण तार, कॅमेरा, उपग्रह, स्वस्त डेटा हे सगळं आधीपासून हजर होतं. अडलं होतं ते परवानगीपाशी.

किती आधीपासून? टेलिफोनचा शोध लागून तीनच वर्षं झाली होती तेव्हा, १८७९ साली, ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात एक किस्सा छापून आला. मध्यरात्री घाबरलेल्या आईने डॉक्टरांना फोन केला, बाळाला घटसर्पासारखा खोकला तर नाही ना? डॉक्टरांनी बाळाला फोनच्या नळीपाशी धरायला सांगितलं, खोकला ऐकला आणि तसं काही नाही म्हणून सगळ्यांना झोपायला पाठवलं. १९०५ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला विलेम आइन्थोव्हेन यांनी रुग्णालयातल्या पेशंटच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत उतरवून घेतला. १९६८ मध्ये बोस्टनच्या विमानतळावरचा दवाखाना आणि शहरातलं मोठं रुग्णालय दुहेरी टीव्हीने जोडलं गेलं.

भारतात ही गोष्ट सुरू झाली ती आंध्रातल्या अरगोंडा नावाच्या खेड्यात. मार्च २००० मध्ये भारत दौऱ्यावर आलेले अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते अपोलो रुग्णालयाच्या तिथल्या टेलिमेडिसिन केंद्राचं उद्‌घाटन झालं. पुढच्या काही वर्षांत इस्रोने उपग्रहाच्या जोरावर आडबाजूची रुग्णालयं मोठ्या शहरांतल्या तज्ज्ञांशी जोडायला घेतली. महाराष्ट्रातही मुंबईच्या केईएममधले तज्ज्ञ सिंधुदुर्ग, नंदुरबारसारख्या जिल्हा रुग्णालयांतल्या केसेस पडद्यावर पाहू लागले. पण हे सगळं डॉक्टर-डॉक्टरांमधलं. पेशंटने घरबसल्या डॉक्टर गाठायचा, ही त्यात कल्पनाच नव्हती.

ती आपल्याकडे वेगळ्या वाटेने, बिनबोभाट चालू होती. ‘डॉक्टर, मागच्या वेळचं तेच औषध परत देऊ का?’ हा फोन फॅमिली डॉक्टरला न केलेलं मराठी घर विरळा. त्याची फी नव्हती, नोंद नव्हती आणि कायद्यात जागाही नव्हती. मनाई नाही आणि मुभाही नाही, अशा त्या अंधूक पट्ट्यात डॉक्टर वर्षानुवर्षं वावरत होते.

२०१८ मध्ये त्या पट्ट्यावर झोत पडला. रत्नागिरीतल्या एका खासगी रुग्णालयात बाळंतपणानंतर तब्येत बिघडून परत दाखल झालेल्या महिलेला, डॉक्टर जागेवर नसताना, फोनवरच्या सांगण्यावरून औषधं दिली गेली. ती दगावली. डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये फेटाळला आणि निदानाशिवाय औषध लिहून देणं हा गंभीर निष्काळजीपणा ठरतो, असं सुनावलं. खरं तर हे प्रकरण टेलिमेडिसिनचं नव्हतंच. दाखल पेशंटजवळ डॉक्टर नसणं हा त्यातला मूळ मुद्दा. तरीही डॉक्टरमंडळींनी त्यातून घेतलेला धडा सोपा होता : फोनवर औषध सांगायचं नाही. दीड-पावणेदोन वर्षांनी करोना आला तेव्हा ही धास्ती ताजी होती.

त्याआधीच्या श्वसनाच्या साथीत काय झालं होतं, तेही आठवून पाहण्यासारखं आहे. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला आणि दुसऱ्याच दिवसापासून नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. सर्दी झालेले, न झालेले, नुसतेच घाबरलेले, सगळे एका रांगेत तासन्‌तास. एकमेकांच्या तोंडासमोर उभं राहून पसरणाऱ्या रोगाच्या तपासणीसाठी एकमेकांच्या तोंडासमोर उभं राहायचं! यात काही विसंगत आहे हे कळत सगळ्यांना होतं, पण दुसरा रस्ता नव्हता. चांगला कॅमेरा असलेला फोन फार थोड्यांकडे होता आणि इंटरनेट महागही होतं, संथही. डेटा खऱ्या अर्थाने स्वस्त झाला तो २०१६ नंतर.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले करोनारुग्ण त्याच नायडू रुग्णालयात दाखल झाले. १३ मार्चला राज्याने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. पुण्यामुंबईच्या प्लेगच्या दिवसांत, गोऱ्या सरकारने घराघरांत घुसून झडत्या घेण्याच्या काळात झालेला तो कायदा. त्या कायद्याने रोग्याला शोधून वेगळं काढता येत होतं; त्याच्याशी लांबून बोलायचं कसं, याचं उत्तर त्यात असणं शक्य नव्हतं. दिल्लीच्या एम्सने २४ मार्चपासून ओपीडी थांबवली. गल्लीतले दवाखाने बंद झाले त्यावरून डॉक्टरांना बरीच बोलणी बसली, पण दहा बाय बाराची खोली, खिडकी नाही, बाकावर सात-आठ जण दाटीवाटीने, आणि स्वतः डॉक्टर साठीच्या पुढचे, हा हिशेबही कुणी तरी मांडायला हवा होता.

२५ मार्चच्या कागदाचं महत्त्व या सगळ्यावरून लक्षात येतं. त्याने औषधांच्या याद्या केल्या. पॅरासिटामॉल, ओआरएससारखी साधी औषधं कुठल्याही माध्यमातून सांगता येतील. काही औषधं पहिल्या भेटीत द्यायची तर व्हिडिओ हवा. काही फक्त सहा महिन्यांच्या आत त्याच त्रासासाठी परत आलेल्या पेशंटला. आणि अंमली, नशा आणणारी औषधं लांबून अजिबात नाहीत. प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा, नोंद ठेवायला हवी, आणि लांबून भागत नाही असं वाटलं तर पेशंटला समोर बोलवायचा निर्णय डॉक्टरचाच. यंत्राच्या बुद्धीने (एआयने) चालणाऱ्या प्लॅटफॉर्मने परस्पर सल्ला देऊ नये, असंही त्यात आहे. २०२० मध्ये ते वाक्य वाचताना कुणी थबकलं नसेल. दुसऱ्याच दिवशी केंद्राने घरपोच औषधांची अधिसूचना काढली आणि ई-मेलने आलेल्या चिठ्ठीवर केमिस्टला औषध पोचवायची मुभा मिळाली. मे महिन्यात या गाइडलाइन्स राजपत्रात येऊन वैद्यकीय आचारसंहितेचा भाग झाल्या.

कायद्याची गाठ सुटली, तरी छातीला स्टेथोस्कोप लावायचा कसा, हा प्रश्न उरलाच. श्वसनाच्या रोगात तर तीच पहिली तपासणी. एप्रिलअखेर सौम्य लक्षणांच्या रुग्णांना घरीच राहायची परवानगी मिळाली आणि ही उणीव भरून काढली बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या चिमट्याने, म्हणजे पल्स ऑक्सिमीटरने. त्यामागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधलेलं. हे यंत्र घराघरांत पोचत असताना, एप्रिल २०२० मध्येच, ते वारले. व्हिडिओ कॉलवर आता नातेवाईक पेशंटचं बोट कॅमेऱ्यासमोर धरत. आकडा ९४ च्या खाली गेला की डॉक्टर ‘बेड शोधा’ म्हणत. बसल्या जागी आकडा ठीक दिसत असला तर सहा मिनिटं घरातल्या घरात चालवून परत बघत, कारण धाप न लागताच प्राणवायू उतरलेले पेशंट या रोगात खूप होते. त्या आकड्यावर डोळे मिटून विसंबणंही बरोबर नव्हतं. काळ्या त्वचेवर हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतं, हे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासातून पुन्हा पुढे आलं. सावळ्या लोकांच्या देशात त्याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

सरकारी बाजूने उभी राहिली ती ई-संजीवनी. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलेली ही ऑनलाइन सल्ल्याची सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये, म्हणजे साथीच्या आधीच, आरोग्य केंद्रांसाठी सुरू झाली होती. घरून थेट डॉक्टर गाठायची तिची ओपीडी आली १३ एप्रिल २०२० ला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत दोन्ही मिळून दहा कोटी सल्लामसलती झाल्या. त्यांतल्या बहुसंख्य मात्र घरून मोबाइलवर झालेल्या नव्हत्या. पेशंट गावातल्या आरोग्य केंद्रात जातो, तिथला आरोग्य अधिकारी रक्तदाब मोजतो, पडदा लावून देतो, पेशंटची बोली डॉक्टरला आणि डॉक्टरची पेशंटला समजावतो आणि औषधही तिथूनच हातात ठेवतो.