माकडतापाची लस: कोंबडीच्या पेशींपासून संगणकापर्यंत

सिंधुदुर्गात माकडताप, म्हणजे गोचिडीतून माणसाला होणारा विषाणूजन्य ताप, 2016 साली दोडामार्ग तालुक्यात उगवला. काजूच्या हंगामात बोंडू वेचायला माणसं पाचोळ्यात वाकतात आणि गोचिडीची पिल्लंही नेमकी त्याच दिवसांत, त्याच पाचोळ्यात असतात. लस टोचायला सुरुवात झाली, पण ती जुन्या धाटणीची होती.

रोग मूळचा शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलातला, 1957 सालचा. विषाणू शोधला पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही). आधी रशियातल्या अशाच गोचीडजन्य तापाची लस देऊन पाहिली. विषाणू भाऊबंद, पण लस लागू पडली नाही. मग कोंबडीच्या गर्भपेशींत विषाणू वाढवून, फॉर्मलिनने मारून लस केली. 1990पासून कर्नाटकात ती दिली जाऊ लागली. 2005 ते 2010मधल्या पाहणीत दोन डोसांनी संरक्षण मिळालं सुमारे 62 टक्के, बूस्टरनंतर 83. एका डोसावर थांबलेल्याच्या पदरात काहीच नाही. वर दरसाल बूस्टर! रोजंदारी बुडवून कोण जाणार? पुढे कर्नाटकानेही ही लस थांबवली.

संगणकाची वाट उघडली ती एका जिवाणूमुळे. 2000 साली लसशास्त्रज्ञ रिनो राप्पुओली आणि सहकाऱ्यांनी मेनिंजायटिसच्या ‘बी’ जिवाणूचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, वाचून त्यातूनच लशीसाठी प्रथिनं निवडली. त्यावर आधारलेली लस युरोपात मंजूर व्हायला 2013 उजाडलं. निवड झटपट होते, पुढचं सगळं आपल्या गतीनेच चालतं.

माकडतापाच्या विषाणूचा जीनोम जेमतेम 11,000 अक्षरांचा. त्यातून बनणाऱ्या प्रथिनाचे सॉफ्टवेअर नऊ-नऊ अमिनो आम्लांचे तुकडे पाडतं आणि आपल्या पेशींवरचे एचएलए रेणू (विषाणूचे तुकडे धरून प्रतिकारशक्तीला दाखवणारे) कुठला तुकडा घट्ट धरतील याचा अंदाज बांधतं. एचएलए माणसागणिक बदलतात. त्यामुळे मुख्यतः युरोपीय नमुन्यांवर शिकलेला अंदाज सावंतवाडीत तितकाच चालेल, असं मी तरी धरून चालणार नाही.

अख्खी रचना संगणकावर बेतण्याचं काम मात्र भक्कम निघालं. दक्षिण कोरियाने 2022 साली मंजूर केलेल्या एका कोविड लशीतला नॅनोकण, म्हणजे प्रथिनांचा अतिसूक्ष्म सांगाडा, वॉशिंग्टन विद्यापीठात असाच घडवला होता.

माकडतापासाठीही निवडक तुकडे जोडून केलेले आराखडे 2021 साली प्रसिद्ध झाले. शोधनिबंधांत ‘प्रभावी लस’ असं लिहिलेलं असतं. वाचताना ‘संगणकावर’ हा शब्द आपणच जोडायचा. खरी परीक्षा जिवंत विषाणूसमोर, आणि त्यासाठी बीएसएल-4, म्हणजे सर्वोच्च जैवसुरक्षा दर्जाची प्रयोगशाळा लागते. अशी सोय एनआयव्हीकडे पुण्यात आहे.