रुपयाचा भाव आणि त्याची किंमत मोजणारे

पंधरा ऑगस्ट जवळ आला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही एक मजकूर हमखास येतो: १९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता. हे खरं नाही. तेव्हा रुपया डॉलरला नव्हे, पौंडाला बांधलेला होता. एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. पौंड होता ४.०३ डॉलरचा. भागाकार केला की डॉलर साधारण ३.३१ रुपयांना पडतो. आता पौंडाचा तो दर कुणी ठरवला, आणि त्याची झळ कुणाला बसली, हा खरा विषय आहे.

१८३५ पासून कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा होता. त्यातली १६५ ग्रेन शुद्ध चांदी. रुपयाची किंमत म्हणजे चांदीची किंमत, आणि १८७० च्या सुमारापर्यंत ती साधारण २ शिलिंग राहिली (१२ पेन्सांचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड). पुढे जर्मनी सोन्याच्या चलनाकडे वळली, इतर देशही त्या वाटेनं गेले आणि चांदी घसरत गेली. १८९३ मध्ये सरकारनं लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये टांकसाळीत पाडून देणं बंद केलं, तरी पुढच्या एक-दोन वर्षांत रुपया १३ पेन्सांपर्यंत खाली आला. सरकारला लंडनमध्ये निवृत्तिवेतनं, व्याज आणि इतर खर्च पौंडांत भागवावा लागे. रुपया घसरला की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये लागत, आणि ते इथल्या करातून उभे राहत. अखेर १८९९ मध्ये १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडाला १५ रुपये, हा दर पक्का झाला.

पहिल्या महायुद्धात चांदी उलटी चढली आणि हा दर मोडला. फेब्रुवारी १९२० मध्ये सरकारनं सोन्याच्या हिशेबात २ शिलिंगांचा दर जाहीर केला. पुढच्याच महिन्यात, २१ आणि २२ मार्चला, हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला बहिष्कृत वर्गाची ती परिषद झाली, जिथं शाहू महाराजांनी डॉ. आंबेडकरांना समाजाचा पुढारी म्हणून सर्वांसमोर गौरवलं. त्याच वर्षी बाबासाहेब अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला परतले. दरम्यान सरकारला तो चढा दर टिकवता आला नाही आणि १९२१ पर्यंत रुपया १ शिलिंग ४ पेन्सांच्याही खाली गेला. घरून पैसे मागवणाऱ्या विद्यार्थ्याचा हिशेब करून पाहा. २ शिलिंगांच्या दरानं १०० पौंडांना हजार रुपये लागतात, १ शिलिंग ४ पेन्सांनी दीड हजार.

अशा काळात लंडनमध्ये लिहिलेला बाबासाहेबांचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपानं निघाला: ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. त्यातला एक मुद्दा मला आजही सगळ्यांत मोलाचा वाटतो. रुपया पडला की निर्यात वाढते, म्हणून देशाचा फायदा होतो, असं तेव्हा मोठमोठे लोक सांगत. बाबासाहेबांनी तो फायदा कुणाच्या खिशातून येतो ते दाखवलं. भाव वाढतात, पण मजुरी त्या वेगानं वाढत नाही. म्हणजे निर्यातदाराची कमाई परदेशी गिऱ्हाइकाकडून नव्हे, इथल्याच मजुराच्या ताटातून येते. १९२५ मध्ये भारताच्या चलनाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली.

आयोगानं १ शिलिंग ६ पेन्सांचा दर सुचवला. सदस्य पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमत नोंदवून १ शिलिंग ४ पेन्सांचा आग्रह धरला. तरी १९२७ च्या कायद्यानं १ शिलिंग ६ पेन्सच आले, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पैंचा दर. या दोन पेन्सांवरून देशभर वाद पेटला. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे ठेवलेल्या ११ मागण्यांतही १ शिलिंग ४ पेन्सांचा दर होता. १९३१ मध्ये इंग्लंडनं पौंड सोन्याला बांधणं सोडलं, पण आपला रुपया मात्र पौंडालाच बांधलेला ठेवला. मंदीत शेतमालाचे भाव कोसळलेले. खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या अंगावरचे सोन्याचे दागिने सराफांकडे गेले आणि तिथून मुंबईमार्गे देशाबाहेर.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच सप्टेंबरात पौंडाचं अवमूल्यन झालं, रुपयाही त्याच्यामागे गेला आणि डॉलर ४.७६ रुपयांचा झाला. ६ जून १९६६ ला, दोन युद्धं, दुष्काळ आणि अडलेली परदेशी मदत यांच्या ओझ्याखाली, तो ७.५० वर गेला. १९७५ मध्ये पौंडाची गाठ सुटून रुपया अनेक चलनांच्या समूहाशी जोडला गेला. जुलै १९९१ मध्ये सोनं इंग्लंडमध्ये गहाण पडलं आणि तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन होऊन डॉलर २६ रुपयांच्या आसपास पोचला. मार्च १९९३ पासून दर बाजार ठरवतो. गरज पडली की रिझर्व्ह बँक हस्तक्षेप करते.

याचा परिणाम गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, दिसतो. समजा जगाच्या बाजारात सोनं २,००० डॉलर औंस आहे. औंस ३१.१ ग्रॅमचा. डॉलर ८० रुपये असेल तर दहा ग्रॅम साधारण ५१,४४० रुपयांना पडतात, कर वेगळा. डॉलर ८१ झाला की तेच सोनं सुमारे ६४० रुपयांनी महागतं. परदेशात सोन्याचा भाव जागचा हललेलाही नसतो. लग्नाचा बस्ता आणि सोनं एकाच आठवड्यात उरकायला आलेल्या कुटुंबाला हा फरक थेट लागतो.

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांत, चित्र दुहेरी आहे. कास्टिंग परदेशी पाठवणाऱ्याला पडत्या रुपयात बिलामागे जास्त रुपये येतात. पण बाहेरून येणारा भट्टीचा कोक त्याच कारणानं महागतो, डिझेलही महागू शकतं, आणि ज्याची कास्टिंग देशातच खपतात त्याला ही वाढ भरून काढायला जागा नसते. मोल्डिंगवर उभ्या असलेल्या कामगाराचा पगार डॉलरबरोबर हलत नाही. त्याच्या घरचं आयात केलेलं खाद्यतेल मात्र हलतं. म्हणून रुपयाची बातमी आली की त्या दिवशीचा आकडा बघण्याआधी मी मजुरी किती हलली ते बघतो. ते शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी बघितलं होतं.