एजंटला फक्त वर्णन दिसतं

"शिवाजीनगरहून नाशिकची गाडी किती वाजता आहे?" हा प्रश्न पुणेकराने एआय सहायकाला विचारला, तर त्याचं उत्तर सहायकामागच्या भाषा-मॉडेलला आधीपासून ठाऊक असेलच असं नाही. मॉडेल शिकून तयार झालं तरी वेळापत्रकं बदलत राहतात. म्हणून त्याला टूल, म्हणजे ताजी माहिती शोधून देणारे छोटे प्रोग्राम, जोडून देतात: एक एसटीचं, एक पीएमपीचं (पुण्याच्या शहर बससेवेचं), एक मेट्रोचं. कुठलं टूल कधी वापरायचं हे मॉडेल स्वतः ठरवू लागलं, की त्याला आपण एजंट म्हणतो.

खरं तर मॉडेल स्वतः काहीच चालवत नाही. ते फक्त मजकूर लिहितं: अमुक टूल, हे स्थानक, ही तारीख. बाहेरचा प्रोग्राम तो मजकूर वाचतो, टूल चालवतो आणि आलेला निकाल मॉडेलसमोर ठेवतो. जून २०२३ मध्ये ओपनएआय या एआय कंपनीने आपल्या मॉडेलना ही सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या दुसऱ्या कंपनीने मॉडेल कंटेक्स्ट प्रोटोकॉल (एमसीपी), म्हणजे टूल जोडण्याची एक सामायिक पद्धत, खुला केला आणि एकाने लिहिलेलं टूल दुसऱ्याच्या एजंटला जोडणं सोपं झालं.

टूलच्या आतला कोड मॉडेलसमोर नसतो. त्याला मिळतं ते टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती पुरवायची त्याची यादी. एवढ्यावरच त्याला निवड करायची असते. तरीही कोडवर आठवडे घालवणारी माणसं वर्णनात "बसची माहिती देतं" एवढं लिहून मोकळी होतात. कोणती बस? वेळ, मार्ग की तिकीट? पीएमपीच्या टूलवरही असंच वाक्य असेल, तर एजंट दोन्हींतून अंदाजाने एक उचलतो आणि चुकीचं उत्तरही ठामपणे देतो.

तेच वर्णन असं लिहून पाहा: "पुण्यातून बाहेरगावी जाणाऱ्या एसटी बस सुटण्याच्या वेळा शोधतं. शहरातल्या प्रवासासाठी हे वापरू नये, त्यासाठी पीएमपीचं टूल आहे. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी द्यावी. प्रवाशाने स्थानक सांगितलं नसेल तर त्याला विचारावं, अंदाज करू नये. हे तिकीट काढत नाही आणि जागा शिल्लक आहे का तेही सांगत नाही."

माझ्या मते यातली सगळ्यांत मोलाची वाक्यं नकाराची आहेत. टूल काय करतं हे नावावरूनही थोडंफार कळतं. कुठे थांबायचं हे मात्र लिहिल्याशिवाय कळत नाही.

तारखेचा आग्रहही उगाच नाही. ५/६ म्हणजे आपल्याला ५ जून, पण अमेरिकी पद्धतीने ६ मे. शिवाय "शनिवारी रात्री साडेबाराची गाडी" म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा शनिवारची रात्र असते, पण कॅलेंडरवर रविवार लागलेला असतो. मध्यरात्रीनंतरची वेळ आली की प्रवाशाकडून तारीख पक्की करून घ्यावी, हे वर्णनातच सांगायला हवं.

स्थानिक माहितीचंही तसंच. मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस शिवाजीनगरचं एसटी स्थानक वाकडेवाडीला हलवलं गेलं, पण लोकांच्या तोंडी शिवाजीनगरच राहिलं. शिवाजीनगर नावाचं रेल्वे स्टेशन आहे, मेट्रो स्टेशनही आहे. तेव्हा वर्णनात आणखी एक ओळ हवी: "निकालात येणारा स्थानकाचा पत्ता प्रवाशाला जसाच्या तसा सांगावा." ती नसेल तर वेळ बरोबर सांगूनही एजंट प्रवाशाला भलत्याच ठिकाणी पाठवेल. ही ओळ प्रोग्रामरला एकट्याला सुचणं कठीण. चौकशी खिडकीवर बसणाऱ्याशी बोलायला हवं.

म्हणून सगळंच कोंबावं असं नाही. सहसा प्रत्येक प्रश्नासोबत सगळ्या टूलची वर्णनं मॉडेलला दिली जातात. त्यांचे टोकन, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते तुकडे, मोजले जातात, आणि देवनागरी मजकुराला बहुतेक मॉडेलमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. ज्याने एजंटची निवड बदलत नाही असं वाक्य खुशाल काढून टाकावं.

टूलच्या निकालाकडेही असंच लक्ष द्यावं. गावाचं नाव चुकीचं लिहिलं गेलं आणि टूलने रिकामी यादी परत दिली, तर एजंट बिनदिक्कत सांगेल की गाडीच नाही. त्याऐवजी "या नावाचं गाव सापडलं नाही, मिळतीजुळती नावं अशी आहेत" असा निकाल आला, तर तो स्वतःच सुधारून पुन्हा शोधतो.

वर्णन पुरेसं आहे का, हे नुसतं वाचून कळत नाही. लोक विचारतात तसे प्रश्न जमवायचे, एजंटला द्यायचे आणि प्रत्येक वेळी कुठलं टूल उचललं ते बघायचं. वरच्या वर्णनाला "सासवडला कसं जाऊ?" असं विचारून पाहा. सासवड बाहेरगाव, म्हणून एजंट फक्त एसटी शोधण्याची शक्यता मोठी. पण सासवडला पीएमपीही जाते. तिथे "जवळच्या गावांसाठी दोन्ही टूल पाहावीत" हे वाक्य घालायचं आणि नाशिकसकट सगळे प्रश्न पहिल्यापासून पुन्हा चालवायचे.