मकबऱ्याचे मिनार, चुना आणि हिरवळीचं पाणी

छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याला ताजमहालाची स्वस्तातली नक्कल म्हणून हिणवणारे कमी नाहीत. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम 1657 मध्ये वारली. तिच्या समाधीला 6,68,203 रुपये 7 आणे लागल्याची जुनी नोंद आहे. संगमरवर आहे तो खाली कंबरपट्ट्यापर्यंत आणि वर घुमटाला; मधलं काम काळ्या पाषाणाचं, त्यावर चुन्याचा गिलावा. मिनारांवरही गिलावाच. खरं तर पाहण्यासारखा तोच आहे.

चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. 100 किलो शुद्ध चुनखडीची 56 किलो कळी, म्हणजे भाजलेला चुना, उरते. ही कळी पाण्यात विरवून निदान महिनाभर मुरू द्यावी लागते. इथे घाई केली, तर न विरलेला कण पुढे भिंतीत ओल धरून फुगतो आणि गिलाव्यावर फोड येतात. मग एक भाग चुना आणि दोन ते तीन भाग वाळू-सुरखी (विटांची भुकटी) चुन्याच्या घाण्यात मळतात. त्यात गुळाचं आणि बेलफळाचं पाणी घालतात. गुळामुळे माल कमी पाण्यातही मऊ राहतो, म्हणून वाळताना भेगा कमी पडतात. पण गूळ जास्त झाला की माल घट्ट व्हायला फार वेळ घेतो.

दुरुस्तीत आधी सुटा गिलावा काढून सांधे खरवडतात आणि दगड भिजवतात. कोरडा दगड मालातलं पाणी शोषतो. एक थर 10-12 मिलिमीटरचा. तो आवळल्यावरच पुढचा. शेवटी बारीक चुन्याचा हात आणि गुळगुळीत दगडाने घोटाई. त्यानंतर दहा-बारा दिवस ओली पोती. कारण चुन्याला पुन्हा चुनखडी व्हायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो पाण्यात विरघळूनच चुन्याशी जुळतो. ही क्रिया ढोबळमानाने महिन्याला मिलिमीटरभर आत सरकते. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात गिलावा सकाळी लावला आणि दुपारी वाळला, तर हाताला पिठूळ लागतो.

सिमेंटचं ठिगळ लवकर जमतं, पण ते ओल अडवतं. अडलेलं पाणी शेजारच्या मऊ चुन्यातून वाट काढतं, क्षार तिथे स्फटिक होऊन फुगतात आणि ठिगळाभोवतीचा जुना गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो.

बागेकडे दुर्लक्ष करून हे काम टिकत नाही. आवार 458 बाय 275 मीटर, म्हणजे सुमारे साडेबारा हेक्टर. मुघल चारबाग म्हणजे पाट, कारंजी, फळझाडं, फुलझाडं. कापलेली हिरवळ हा पुढच्या काळातला इंग्रजी नाद. उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी 50 हजार लिटरच्या वर. ते चौथऱ्याजवळ मुरलं की केशाकर्षणाने दगडाच्या सांध्यांतून वर चढतं. म्हणून पायालगतचा दोन-तीन मीटरचा पट्टा कोरडा ठेवावा आणि उतार बाहेरच्या बाजूला द्यावा. भेगेत पिंपळाचं रोप दिसलं तर उपटू नये. गिलाव्याचा तुकडा हातात येतो आणि मूळ आतच राहतं.