साठवणीतलं आर्द्रता नियंत्रण

वापरात नसलेली यंत्रं, सुटे भाग, हत्यारं गंजू नयेत म्हणून ठेवलेल्या जागेतल्या हवेचा दमटपणा एका पातळीखाली राखणं, त्याला साठवणीतलं आर्द्रता नियंत्रण म्हणतात. ग्रीस-ऑइलचा लेप हा वेगळा विषय.

पातळी नेमकी कुठली, यावर एकमत नाही. इंग्लंडमध्ये गंजाचे अभ्यासक व्हर्नन यांनी साधारण 1930 च्या दशकात लोखंडाचे नमुने वेगवेगळ्या हवेत ठेवून पाहिले, सल्फर डायऑक्साइड असलेल्या हवेत 60 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या (त्या तापमानाला हवेत मावू शकेल त्या वाफेपैकी किती टक्के आहे, त्या मापाच्या) आसपास गंजाचा वेग एकदम वाढतो असं त्यात दिसलं आणि तेव्हापासून 60 हा आकडा पुस्तकांतून फिरतोय. पण लोखंडावर मीठ बसलं असेल तर तो लागू पडत नाही. साधं मीठ 75 टक्क्यांना हवेतलं पाणी ओढून पाझरतं खरं, समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते 33 टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. ब्रिस्टलच्या गोदीत जपलेल्या, 1843 साली पाण्यात उतरलेल्या 'ग्रेट ब्रिटन' या जहाजाच्या लोखंडात मिठातलं क्लोराइड मुरलंय, म्हणून तिथे खालच्या भागातली हवा 20 टक्क्यांच्या आसपास ठेवतात. हे बघता 60 पेक्षा मीठ धरून ठरवलेली खालची पातळीच जास्त पटते, आपल्या कोकणपट्टीवर तर नक्कीच.

पावसाळ्यात गोदाम 'हवेशीर' ठेवायची सवय नडते. रात्रभर गार झालेला लेथचा जड बेड (यंत्राचा लोखंडी पाया) सकाळी गारच असतो, शटर उघडलं की बाहेरची उबदार दमट हवा आत येते आणि बेडला घाम फुटतो, हात फिरवला तर बोटं ओली. अशा वेळी बंद खोली थोडी गरम ठेवणं बरं: 30 अंश आणि 90 टक्के असलेली हवा 40 अंशांवर नेली की पाणी तेवढंच राहूनही आर्द्रता 52 टक्क्यांच्या आसपास येते. विजेच्या मोटारीतले स्पेस हीटर (मोटार बंद असताना ती उबदार ठेवणारे छोटे हीटर), कपाटातला पेटता बल्ब, सगळ्यांचं तत्त्व हेच.

मोठ्या जागेला डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र लागतं, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाने राखीव जहाजं अशाच यंत्रांनी कोरडी ठेवली. लहान वस्तूंना सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे पुरतात, त्याचं पेटंट वॉल्टर पॅट्रिक यांनी 1919 मध्ये घेतलं. पिशवी हवाबंद नसेल तर मात्र जेल खोलीचीच हवा सुकवत बसतं आणि थोड्याच दिवसांत निळे दाणे गुलाबी, म्हणजे जेल पाण्याने भरलं. निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा, तो घातक मानतात म्हणून आता बरेच जण नारिंगी दाणे घेतात. भरलेलं जेल 120 अंशांच्या आसपास तापवलं की परत चालतं, पण झाकण लावलेल्या डब्यात गार होऊ द्यावं, उघड्यावर ठेवलं तर गार होता होताच पाणी ओढतं.