काकवीची बरणी आणि पित्ताचा खडा

सांगलीकडं गुऱ्हाळावरून आणलेली काकवी बरणीत बरेच दिवस पडून राहिली, की तळाशी साखरेचे खडे धरतात. पाक दाट हवा आणि बरणी हलायला नको, एवढं पुरतं. पित्ताशयातला खडाही बराचसा असाच बनतो.

छातीत जळजळलं की आपण ‘पित्त झालं’ म्हणतो. ते पोटातलं आम्ल. खरं पित्त यकृतात तयार होतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर. यकृताखालच्या पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, ते आटून दाट होतं. तेला-तुपाचा घास आतड्यात उतरला, की ही पिशवी आवळते आणि पित्त सोडते. पित्तात कोलेस्टेरॉल असतं. ते पाण्यात विरघळत नाही, पित्तातले क्षार त्याला धरून ठेवतात. कोलेस्टेरॉल त्यांच्या आवाक्याबाहेर गेलं, की कण बसू लागतात.

वजन वाढलं, विशेषतः पोटाचा घेर सुटला, की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. बायकांमध्ये इस्ट्रोजेनमुळे आणि गरोदरपणात हा धोका आणखी वाढतो.

मला जास्त काळजी वाटते ती वजन झपाट्यानं उतरवणाऱ्यांची. लग्न महिन्यावर आलंय म्हणून नुसत्या काकडीवर आणि ताकावर राहणाऱ्या मुली आपल्या घरोघरी दिसतात. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरू लागलं, की अंगातली चरबी वितळून तिचं कोलेस्टेरॉल पित्तात येतं. त्यात जेवणात तेलाचा थेंब नाही, म्हणून पिशवी आवळतच नाही. पाक दाट आणि बरणीही स्थिर! लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक डॉक्टर काही महिने पित्त पातळ ठेवणारी गोळी देतात, ती याचसाठी.

म्हणून आठवड्याला अर्धा ते एक किलो, एवढंच उतरवावं. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी आणि चटणीवर चमचाभर तेल राहू द्यावं. रोज कृष्णाकाठानं चालावं. व्यायाम करणाऱ्यांत हे खडे कमी आढळतात.

मुतखड्यासाठी लोक पानफुटीची पानं खातात, तोच उपाय इथंही करतात. पण लघवीची वाट पित्ताशयातून जात नाही, त्यामुळे भरपूर पाणी पिऊनही हा खडा वाहून जायचा नाही. सोनोग्राफीत सहज सापडलेला, न दुखणारा खडा बहुतेकदा तसाच ठेवतात. मात्र जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती खांद्याकडं जात असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. सोबत ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.