उसाच्या पात्याचा ओरखडा आणि सोरायसिस

वाळवा-पलूसकडे उसाच्या फडात काम करणाऱ्यांच्या हातांवर पात्यांचे ओरखडे नेहमीचेच. खपली धरते, पडते, विषय संपतो. सोरायसिस हा त्वचेचा जुनाट आजार असलेल्या माणसाला मात्र दोनेक आठवड्यांनी नेमका त्याच रेघेवर लाल, चंदेरी खपल्यांचा चट्टा उठू शकतो. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिख कोबनर यांनी हे 1870च्या दशकातच नोंदवलं होतं. त्यामागचं कारण कळायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली.

दुखावलेल्या त्वचापेशी एलएल-37 नावाचं प्रथिन सोडतात. त्याचं खरं काम जंतू मारण्याचं. सोरायसिसमध्ये ते आपल्याच फुटलेल्या पेशींच्या डीएनएला चिकटतं आणि प्रतिकारक पेशींना तो डीएनए विषाणूचा वाटतो. त्या इंटरफेरॉन सोडतात, त्यानं चेतवलेल्या दुसऱ्या पेशी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-23 सोडतात. हे सगळे रेणू म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. 23 नंबरचा निरोप पोचला की टी-पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या प्रतिकारक पेशी, इंटरल्यूकिन-17 बनवतात. हा या आजारातला सगळ्यात खोडसाळ रेणू. त्याच्यामुळे त्वचापेशी भराभर वाढतात, शिवाय स्वतःही असे रेणू सोडतात की रक्तातल्या आणखी पांढऱ्या पेशी तिथं ओढल्या जातात. त्या आल्या की दाह आणखी भडकतो. एरवी पेशी तळातून वर येऊन झडायला सुमारे महिना लागतो, चट्ट्यात आठवडाही लागत नाही. अर्धवट पिकलेल्या पेशींचे थर साचतात, त्याच खपल्या.

हा आजार शिवल्यानं पसरत नाही. तरीही अशा माणसाचं ताट वेगळं ठेवतात, पंगतीत शेजारी बसायला कचरतात. हा अन्याय आहे.

दाह कातडीपुरता राहत नाही. आजार तीव्र असेल तर दाहाच्या खुणा रक्तातही सापडतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि 30 टक्क्यांपर्यंत रुग्णांचे सांधे धरतात. सकाळी बोटं आखडत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

इंटरल्यूकिन-17 किंवा 23 अडवणारी इंजेक्शनं आता मिळतात, पण महाग. स्वस्त मेथोट्रेक्सेट अजूनही अनेकांना गुण देतं. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते.

चट्टा पूर्ण गेला तरी काही टी-पेशी त्या जागी मुक्काम करून राहतात. औषध थांबवल्यावर आजार बहुधा जुन्याच जागी डोकं वर काढतो, तो त्यांच्यामुळे.